डाग आणि दगड एकाच कुळातले

तलासरीच्या नाक्यावर अर्धा तास उभं राहिलं तरी दगडांची वरात बघायला मिळते. राजस्थानातून निघालेले ट्रक गुजरात ओलांडून अच्छाडला महाराष्ट्रात शिरतात आणि मुंबईकडे धावतात. हौद्यात घोडीला टेकवून कडेवर उभ्या केलेल्या लाद्या असतात. मकराण्याचा पांढरा, राजनगरचा करड्या छटेचा, केसरियाजीचा हिरवा, कोट्याचा निळसर. महामार्गाचा आकडा 8 चा 48 झाला, पण वरात तीच आहे. शेजारच्या सिल्वासात परदेशातून आलेले ठोकळे कापून घासायचे कारखाने आहेत, त्यामुळे इकडच्या माणसाला मार्बल घ्यायला लांब जावं लागत नाही. यातल्या काही लाद्या चारोटीला उजवीकडे वळतात आणि डहाणूत, बोर्डीत, घोलवडात कुणाच्या तरी नव्या बाथरूममध्ये जाऊन बसतात. तिथून पुढची त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. दुकानदाराचं काम संपलेलं असतं, मिस्त्री पुढच्या साइटवर गेलेला असतो आणि दगड एका बाटलीच्या ताब्यात जातो.

त्या बाटलीमुळेच ही पुस्तिका लिहावी लागली.

आधी माझ्याच घरची हकिकत सांगते, म्हणजे पुढचा उपदेश ऐकताना वाचकाला बरं वाटेल. आमच्या न्हाणीत खाली कडप्पा आहे, काळाभोर. विहिरीचं पाणी जड. दोन वर्षांत नळाखाली पांढुरका थर धरला. दिवाळीला पाहुणे येणार होते. संडासासाठी आणलेल्या बाटलीत थोडं उरलं होतं, ते मी नळाखाली ओतलं. फसफसलं, वाफ आली, मला वाटलं काय छान काम करतंय! दहा मिनिटांनी पाणी मारलं तर थर गेला होता आणि त्याच्या जागी ताटाएवढा राखाडी चट्टा उठला होता. मी तो घासला, साबण लावला, पुन्हा तेच ओतलं. चट्टा परातीएवढा झाला. शेवटी ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं चट्ट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “ताई, हा डाग नाही. दगडच गेलाय.”

त्या एका वाक्यात जे आहे तेच पुढे सव्वाशे पानं सांगितलेलं आहे. पण ते नीट समजायचं तर थोडं रसायनशास्त्र हवं, शाळेतल्या आठवीपुरतं.

मार्बल, कडप्पा, कोटा, शहाबादी, जैसलमेरचा पिवळा, तांदूरचा, ही सगळी एकाच कुळातली भावंडं. सगळे चुनखडीचे. मार्बल म्हणजे जमिनीच्या पोटात दाबून-तापून पालटलेली चुनखडी, बाकीचे तिच्या जवळपास. मूळ द्रव्य कॅल्शियम कार्बोनेट. आता नळाखालचा तो पांढरा थर कशाचा? आपल्याकडचं विहिरीचं आणि बोअरचं पाणी जमिनीतून येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून आणतं. थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि मागे राहतं तेही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. म्हणजे डाग आणि दगड एकाच कुळातले. डागाला खाणारं कोणतंही आम्ल दगडालाही खाणार. त्याला दोघांत फरक करता येत नाही, आणि त्याचा त्यात दोषही नाही. संडास साफ करायच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते चिनी मातीच्या भांड्यासाठी बनवलेलं आहे आणि चिनी मातीवर ते आपलं काम चोख करतं. त्याला दोन फूट बाजूच्या लादीवर नेऊन ठेवतो आपण.

आम्ल म्हटलं की लोकांना फक्त बाटली आठवते. घरात ते दहा रूपांनी असतं. तांब्याचं घंगाळ चिंच-मिठानं घासून लखलखीत करायची आपली पद्धत जुनी आणि चांगली, पण ते घासायची जागा मोरी. चिंचेचा कोळ कडप्प्यावर रात्रभर राहिला की सकाळी तिथे फिक्कट ओघळ दिसतात. केसांना लावायचं दही, शिकेकाईत पिळलेलं लिंबू, कुणीतरी ऐकीव माहितीवर फरशीला लावलेला व्हिनेगर, सगळे त्याच जातीचे. एक आम्ल तर मिस्त्रीच्याच हातून येतं आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाही. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात भरायच्या सिलिकॉनच्या काही नळ्यांना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. तो वास म्हणजे वाळताना सुटणारं ॲसिटिक आम्ल. मार्बलच्या कडेला ते लावलं तर पहिल्याच दिवशी दगडाला ओरखडा काढल्यासारखी रेघ उमटते. बिनवासाचं, न्यूट्रल म्हणून मिळतं, ते मागून घ्यावं. दुकानदार “सगळं सारखंच” म्हणेल. नाकाला विचारावं.

ग्रॅनाइटचं कूळ वेगळं. त्यात क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक. घरगुती आम्लांना ते सहसा दाद देत नाही (गंज काढायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, ते मात्र ग्रॅनाइटलाही सोडत नाही आणि माणसालाही). पण ग्रॅनाइट घातलं म्हणून बाटली उघडायला मोकळे झालो असं नाही, कारण दोन लाद्यांमधल्या दर्जा सिमेंटनं भरलेल्या असतात आणि सिमेंटला आम्ल सोडत नाही. लादी जशीच्या तशी, सांधे पोखरलेले, अशा ग्रॅनाइटच्या बाथरूम मी कितीतरी पाहिल्या आहेत.

आपली लादी कोणत्या कुळातली हे ओळखायचं कसं? बिलावर लिहिलेलं असतं त्यावर फार भिस्त ठेवू नये. हिरवा मार्बल म्हणून विकतात तो भूगर्भशास्त्रज्ञांच्या लेखी मार्बलच नाही, सर्पेंटाइन आहे. उरलेला तुकडा घ्यावा, नसेल तर दाराआडचा कोपरा, आणि त्यावर लिंबाचा एक थेंब टाकावा. बुडबुडे आले तर प्रश्नच मिटला. नाही आले तरी निश्चिंत होऊ नये. राजनगरच्या बाजूचे बरेच मार्बल डोलोमाइटचे असतात, ते लिंबाला सावकाश उत्तर देतात. पाव तासानं थेंब पुसून लादी उजेडाकडे तिरकी धरून बघावी. तेवढी जागा निस्तेज झाली असेल तर दगड चुनखडीच्या घरचा.

या सगळ्याच्या आधी इथल्या न्हाणीत दगड नव्हता असं नाही. मोरीत बसायला एक घडीव काळा दगड असायचा, टाकीचे घाव तसेच ठेवलेला. वारली पाड्यांवर घर कुडाचं, कारवीचं, पण विहिरीपाशी आंघोळीला आणि कपडे आपटायला एक सपाट धोंडा असायचाच. हा दगड इथलाच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, ज्याला आपण नुसतं काळा दगड किंवा पाषाण म्हणतो आणि पुस्तकं बेसॉल्ट म्हणतात. लिंबू त्याचं काही बिघडवत नाही. टाकीच्या घावांमुळे ओला असला तरी पाय घसरत नाही. चमक मुळातच नव्हती, त्यामुळे ती जाण्याची भीती नाही. घासायला चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या. राख अल्कधर्मी, तेलकटपणा कापते, दगडाला हात लावत नाही. आजीला हे सूत्र कुणी शिकवलं नव्हतं, दगडच असा होता की चूक करायला वाव नव्हता. (काथ्या-राखेची जोडी मार्बलवर मात्र नेऊ नका. मार्बल मऊ दगड आहे, राखेतल्या खरीनं त्यावर चरे पडतात.)

आपण दगड बदलला, सवयी मात्र त्याच ठेवल्या. खरखरीत, गावचा, आम्लाला न भिणारा दगड काढून गुळगुळीत, परमुलखातला, आम्लाला भिणारा दगड आणला आणि वर पूर्वी नव्हतं ते आम्लही आणलं. माझं मत विचाराल तर डहाणूसारख्या ठिकाणी, जिथे पावसाळ्याचे चार महिने टॉवेलसुद्धा वाळत नाही, तिथे न्हाणीच्या जमिनीला आरशासारखा घोटलेला पांढरा मार्बल घालणं ही हौस आहे, सोय नाही. भिंतीला घाला हवा तर. जमिनीला घोट न दिलेला किंवा लेदर फिनिशचा काळा ग्रॅनाइट बरा, टाकीचा पाषाण मिळाला तर उत्तमच. पण ज्यांच्याकडे घोटलेला मार्बल आधीच बसलेला आहे त्यांना हे सांगून काय उपयोग? त्यांच्यासाठी पुस्तिकेचा मोठा भाग आहे.

त्या भागाचा गाभा असा की दगडाची निगा म्हणजे पाण्याची निगा. थर बसल्यावर काढायचा कसा याला सोपं उत्तर नाही, कारण काढणारं औषध दगडालाच लागतं. म्हणून थर बसू द्यायचा नाही. थर पाण्यानं बसत नाही, वाळणाऱ्या पाण्यानं बसतो. शेवटच्या माणसाची आंघोळ झाली की वायपर फिरवून जाळीकडे पाणी लोटायचं आणि सुती फडक्यानं भिंतीचा खालचा हातभर भाग आणि नळाभोवतीची जागा टिपून घ्यायची. सगळं मिळून दोन मिनिटं. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात पातळ, सौम्य साबणाचे चार थेंब, मऊ फडकं, नंतर भरपूर साधं पाणी. भांड्यांची वडी नको, तिच्यात खर असते. अंगाच्या साबणाचाही जड पाण्यात चिकटा होतो. साबण आणि कॅल्शियम एकत्र आले की फेस मरतो आणि राखट थर धरतो. इतकं सोपं, आणि इतकं कंटाळवाणं की कुणी करत नाही. पाच रुपयांचं फडकं रोज फिरवण्यापेक्षा शंभराची बाटली महिन्यातून एकदा ओतणं माणसाला जास्त पराक्रमाचं वाटतं.

थर धरलाच असेल तर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून, ओल्या दगडावरून हळू खरवडायचं. एका दिवसात नाही होत. चार रविवार लागतात.

रंगाचे डाग वेगळे. ते दगडाच्या आत शिरतात, वरून घासून जात नाहीत. आपल्याकडे याचे ठरलेले मुहूर्त आहेत. नरक चतुर्दशीला तेल आणि उटणं, लग्नघरात हळद, आदल्या रात्री मेंदी. हळदीची एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पिवळ्या डागावर साबण लावला की तो लाल होतो आणि घरातली माणसं घाबरून आणखी घासतात. अल्क लागलं की हळद लाल होणारच, शाळेतला तो कागदाचा प्रयोग आठवा. घासू नका, धुऊन सोडा. खिडकीतून ऊन येत असेल तर ते आठवड्या-दोन आठवड्यांत बरंच काम करतं, हळदीचा रंग उन्हात उडतो. तेलासाठी लेप. मुलतानी मातीची किंवा खायच्या सोड्याची पाण्यातली जाड पेस्ट डागावर बोटभर थापायची, वर प्लॅस्टिक चिकटवायचं, एक दिवसानं प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यायचा. वाळता वाळता तो दगडातलं तेल ओढून घेतो. एकदा नाही झालं तर पुन्हा. हा काही घरगुती टोटका नाही. ताजमहालाच्या पिवळ्या पडलेल्या संगमरवरावर पुरातत्त्व खात्यानं 1994 पासून वेळोवेळी मुलतानी मातीचेच लेप चढवले आहेत. शहाजहानाच्या बेगमेच्या कबरीला जे चालतं ते आपल्या न्हाणीला चालायला हरकत नसावी.

पुरातत्त्व खात्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. दगडाला आम्ल काय करतं हे महाराष्ट्राला खरं तर देवळांनी केव्हाच शिकवलं आहे. पंचामृतात दही असतं, मध असतो, साखर असते. वर्षानुवर्षांच्या अभिषेकांनी, लेपांनी आणि हातांच्या स्पर्शानं मूर्ती झिजल्या. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर 2015 मध्ये रासायनिक संवर्धन करावं लागलं, पंढरपुरात विठ्ठल-रखुमाईच्या मूर्तींना 2020 च्या आषाढीआधी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी वज्रलेप केला. वज्रलेप हा शब्द आपल्याला पूज्य वाटतो आणि दुकानातला ‘सीलर’ हा शब्द फसवा वाटतो, पण दोघांमागचा विचार जवळचा आहे. दगडाची सूक्ष्म छिद्रं झाकायची, आत काही शिरू द्यायचं नाही. सीलर लावायची वेळ आली का हे पाण्याचा थेंबच सांगतो. लादीवर थेंब ठेवावा, पाच-दहा मिनिटांत खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितो आहे.

पण सीलरबद्दल विक्रेता जे सांगत नाही ते इथे सांगायला हवं. सीलर डाग अडवतो, आम्ल अडवत नाही. तेल आत जायला वेळ लागेल, पुसायला सवड मिळेल. लिंबाचा थेंब मात्र वरच्या कातडीलाच चावतो आणि त्याला आत जायची गरजच नसते. सीलर मारून निर्धास्त झालेल्या घरांतच मी सर्वांत जास्त चट्टे पाहिले आहेत.

आता एक गोष्ट फक्त इथली. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात लहान लहान भूकंपांची रांग लागली. धुंदलवाडीचं नाव तेव्हा साऱ्या राज्याला ठाऊक झालं. बहुतेक धक्के हलके, काही 4 रिश्टरच्या आसपासचे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं इथे यंत्रं बसवली, लोक थंडीत तंबूंत झोपले. ज्यांची घरं तडकली त्यांच्यापुढे न्हाणीच्या लादीची चिंता करणं निलाजरेपणाचं होईल, पण नव्यानं बांधताना ही गोष्ट विसरूही नये. हादरणाऱ्या जमिनीवर लादीच्या आधी सांधा तुटतो. भिंत आणि फरशी मिळते तिथली दर्ज सिमेंटनं भरली तर ती केसाएवढी फाटते, डोळ्याला दिसत नाही, आणि तिच्यातून रोज चार बादल्यांचं पाणी थोडं थोडं खाली झिरपत राहतं. वर्षानं भिंतीला बाहेरून लोणा दिसू लागतो आणि आपण समुद्राच्या हवेला दोष देतो. कोपऱ्यांना लवचीक सिलिकॉन, मघाशी सांगितलं ते बिनवासाचं, आणि दर दसऱ्याला सगळ्या सांध्यांवरून एकदा नख फिरवून बघायचं. भुगा निघाला तर तेवढा सांधा कोरून पुन्हा भरायचा. दसराच का? पाऊस सरलेला असतो आणि दिवाळीचं मघाशी सांगितलेलं तेल-उटणं अजून यायचं असतं.

पुस्तिकेतलं एक प्रकरण दगडाबद्दल नाही, हाताबद्दल आहे. बाटली विकत आणणारा एक आणि तिची वाफ नाकात घेणारी दुसरी. किनाऱ्यावरच्या बंगल्यांत, रिसॉर्टांत न्हाण्या घासणाऱ्या बहुतेक बाया जवळपासच्या पाड्यांवरून येतात. त्यांच्या हातात आम्लाची बाटली दिली जाते, हातमोजे क्वचित. त्यातच काळी बुरशी दिसली म्हणून कुणी ब्लीचही देतं. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीत तो जीवघेणा ठरतो. ही ओळ पुस्तिकेत तीनदा छापली आहे. छपाई करणाऱ्यानं चूक समजून दोन वेळा काढली होती, मी परत घालायला लावली. बुरशीसाठी खिडकी उघडी ठेवणं आणि लादी कोरडी ठेवणं यासारखं औषध नाही. अगदी गरज पडली तर पातळ केलेलं ब्लीच, एकटं, दार उघडं ठेवून, आणि नंतर भरपूर पाणी.

आणि हे सगळं धुतलेलं पाणी जातं कुठे? वाडीतल्या घराला शोषखड्डा असतो, नाहीतर न्हाणीचं पाणी दांडानं केळीला, अळवाला, मागच्या चिकूला सोडलेलं असतं. पंचवीस पावलांवर विहीर. 20 जून 1991 च्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 मध्ये तालुक्यासाठी वेगळं प्राधिकरण आलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी अखेरपर्यंत त्याची धुरा वाहिली. औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यावर, कारखान्यांच्या सांडपाण्यावर या तालुक्यानं डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली आहे. आपल्या न्हाणीच्या जाळीवर ठेवलेली नाही. महिन्याला एक बाटली म्हणजे काही कारखाना नव्हे, हे मलाही कळतं. तरी ज्या अळवाच्या पानांची वडी करायची त्याच्या मुळाशी ती ओतणं मला आता जमत नाही.

पुस्तिका क्रमानं वाचायची गरज नाही. ज्यांचं घर अजून नकाशावर आहे त्यांनी दगड निवडण्याचं पहिलं प्रकरण आणि ढाळ किती द्यावा त्याचं तिसरं वाचावं. मिस्त्रीला ढाळ कमी द्यायची आवड असते, सपाट फरशी त्याला देखणी वाटते, त्याच्या डोक्यावर उभं राहून तो करून घ्यावा लागतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना सांध्यांचं प्रकरण पुरे. ज्यांच्या लादीवर चट्टा उठलेलाच आहे त्यांनी थेट घिसाईच्या प्रकरणाकडे जावं. चट्टा साबणानं जात नाही, कारण तिथे काढण्यासारखं काही नसतंच. तिथला घोट गेलेला असतो. तो परत आणायचा तर आजूबाजूचा दगडही त्याच पातळीला घासून पुन्हा घोटावा लागतो. हे यंत्राचं आणि जाणत्या हाताचं काम आहे, यूट्यूब बघून करायचं नाही.

माझ्या मिस्त्रीनं मला दोन पर्याय दिले होते. सगळी न्हाणी घासून घ्यायची, दोन दिवसांचा खर्च आणि आठवडाभराची धूळ, किंवा चट्ट्यावर खोबरेल तेल चोळायचं, म्हणजे आठ-पंधरा दिवस कडप्पा काळा दिसतो. दुकानातल्या कडप्प्याचा तो काळा तुकतुकीतपणा कधी कधी याच तेलाचा असतो, हेही त्यानं जाता जाता सांगितलं. मी दोन्ही केलं नाही. नळाखाली त्या जागेवर आता मोठी बादली असते, प्लॅस्टिकची, कारण लोखंडी कडीची ठेवली तर गंजाचा डाग पडेल आणि मग मला सहावं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल.